धेनुकाकटाचे यवन आणि आमचे पाहुणे

संपादकमहाशयांनी यंदा लेख मागताना विषयही नेमून दिला. पनवेलच्या वेशीवर नवी मुंबईचा विमानतळ झाला, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन होऊन २५ डिसेंबरपासून तेथे प्रवासी विमाने उतरू लागली. तेव्हा परदेशचा पाहुणा आता आपल्या अंगणातच येणार, त्याला आपला मुलूख कसा दाखवावा हे लेण्यांतील शिलालेख वाचण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाने सांगावे, असा त्यांचा आग्रह.

पनवेलला ही जबाबदारी नवी नाही. मुंबईहून होडीने पनवेलच्या बंदरात उतरावे आणि पालखीने वा गाडीने बोरघाट चढावा, हा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुण्यास जाण्याचा रिवाज होता. १८३० साली घाटाचा गाडीरस्ता खुला झाल्यावर ही वर्दळ वाढली आणि १८६३ साली आगगाडी घाट चढून गेल्यावर ती ओसरली. त्या काळचे युरोपीय प्रवासी वाटेत कार्ल्याची लेणी पाहत, मापे घेत, चित्रे काढीत. आजही पनवेलहून निघालेला माणूस दीड-दोन तासांत कार्ल्याच्या पायथ्याशी पोहोचतो, आणि म्हणूनच मी पाहुण्यांना प्रथम तेथे नेतो. गेल्या हिवाळ्यात नेले तो दिवस मात्र अद्याप मनातून जात नाही.

पाहुणे नेदरलँड्सचे, माझे जुने स्नेही, प्राचीन नाण्यांचे व्यासंगी. समवेत त्यांच्या पत्नी. क्षहरात क्षत्रप नहपानाच्या नाण्यांवर ब्राह्मी आणि खरोष्ठीबरोबर ग्रीक अक्षरेही असतात, त्या अक्षरांवर या गृहस्थांनी उमेदीची वर्षे खर्च केलेली. म्हणून नहपानाचा जावई उषवदात याचा कार्ल्यातील लेख डोळ्यांनी पाहावा, ही त्यांची इच्छा. पत्नीला लेखांचे विशेष अगत्य नव्हते. त्यांना पाहायचा होता तो प्रकाश. कार्ल्याचे चैत्यगृह पश्चिमाभिमुख असल्यामुळे दुपार कलली की दर्शनी भागातील प्रचंड नालाकृती गवाक्षातून ऊन आत शिरते, दोन्ही बाजूंच्या स्तंभांवरील हत्ती आणि दंपती उजळतात, आणि छताला बसविलेल्या सागवानी कमानी (त्या मूळच्या आहेत, दोन सहस्र वर्षे तेथेच आहेत) एकेक करून अंधारातून पुढे येतात. हे दृश्य फार वेळ टिकत नाही. आम्ही बरोबर त्या वेळेला पोहोचलो होतो.

परंतु तो रविवार होता. चैत्याच्या तोंडाशीच एका कुटुंबाने त्या बाईंना आपल्यासमवेत छायाचित्र काढू देण्याची विनंती केली. त्यांनी सौजन्याने मान्य केली. मग दुसरे कुटुंब आले, मग तरुणांचा एक घोळका, मग कोणी आपले घाबरलेले रडवेले मूल त्यांच्या कडेवर दिले. ‘कम, कम, वन फोटो’ हा घोष सरता सरेना. आत मंडपात काही जण प्रतिध्वनी ऐकण्यासाठी आरोळ्या ठोकीत होते. बाई मोकळ्या होऊन आत आल्या तेव्हा ऊन गेले होते. त्यांनी अवाक्षर काढले नाही, आणि यजमान म्हणून मला तेच फार लागले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. चैत्याच्या दाराला लागूनच एकवीरा आईचे देऊळ आहे, आणि पनवेल-उरणच्या किनाऱ्यावरील आगरी-कोळी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या त्या आईच्या दर्शनाला येत आहेत. या गर्दीविषयी माझी तक्रार नाही. किंबहुना त्या डोंगरावर हक्क असलाच तर तो त्यांचा आमच्यासारख्या पढिकांहून अधिक आहे. त्याच दिवशी नऊवारी नेसलेल्या एका म्हाताऱ्या आगरी बाईने माझ्या पाहुणीच्या कपाळाला कुंकू लावले, हातावर प्रसादाचा पेढा ठेवला, ‘लांबून आलीस गो बाय’ एवढेच म्हणाली आणि पायऱ्या उतरू लागली. तिला पाहुणा कसा ओळखावा हे ठाऊक होते. ज्यांना ठाऊक नव्हते ते सारे शिकलेले, मोटारीतून आलेले होते.

आता मूळ विषयाकडे येतो. स्तंभांवरील लेख सामान्य प्रेक्षकाच्या दृष्टीस पडतच नाहीत. अक्षरे उथळ कोरलेली, दगड काळवंडलेला. समोरून विजेरी मारली तर काहीही दिसत नाही, ती स्तंभाला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाकला म्हणजे मात्र अक्षरांच्या कडांना सावली धरते आणि ओळ उमटते. ठसा घ्यावयाचा तर ओला कागद दगडावर बसवून ब्रशाने हलके ठोकून खाचांत उतरवावा लागतो, तो किंचित वाळला की शाईचा बोळा फिरवायचा. परवानगीचे अर्ज, शिडी आणि वारा यांचा तपशील येथे सोडून देतो. असे वाचल्यावर जे हाती येते ते मात्र सामान्य नाही. वैजयंतीचा, म्हणजे बनवासीचा, श्रेष्ठी भूतपाल हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचे अभिमानाने नोंदवून ठेवतो. दर्शनी सिंहस्तंभ महारथी अग्निमित्रणकाचा. दरवाजाचे दान सिंहदत्त नावाच्या गंधिकाचे, अत्तरे-सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे. एक दरवाजा घडविणारा सामी हा सुतार. आणि आतले अनेक स्तंभ धेनुकाकट येथील यवनांचे (त्या काळी ग्रीकांना यवन म्हणत): सिहधय यवन, धम्म यवन. परक्या कुळातील ही माणसे, पण त्यांचे दान त्याच ब्राह्मीत, त्याच प्राकृतात आणि त्याच साच्याच्या वाक्यात नोंदलेले आहे, ज्यात सुताराचे आणि गंधिकाचे आहे. सातवाहन राजा पुळुमावीच्या चोविसाव्या राज्यवर्षात नऊ खोल्यांचा मंडप देणारा हरफरण, सेतफरणाचा पुत्र, हा तर नावावरूनच इराणी. भिक्षूंच्या योगक्षेमासाठी करजिक गाव इनाम देणारा उषवदात शक. पुढे सातवाहनांच्या अमलात याच गावाविषयी मामाल येथील, म्हणजे आजच्या मावळातील, अमात्याला हुकूम गेला, आणि तो वाचताना पेशवे दप्तरातील सनदेचा घाट ओळखीचा वाटतो.

हे धेनुकाकट कोठले, हा आमच्या क्षेत्रातील जुना वाद, आणि तो मी टाळू शकत नाही. जुन्या काही पंडितांनी नामसादृश्यावरून ते कृष्णेच्या काठचे धान्यकटक ठरविले. विल्यम टार्न यांनी १९३८ च्या ग्रंथात निराळाच तर्क लढविला, की हे यवन जन्माने भारतीयच असून एखाद्या ग्रीक पौरसंस्थेचे नागरिक होते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९५५ च्या निबंधात धेनुकाकट कार्ल्याजवळच, देवघर या खेड्याच्या जागी असल्याचे प्रतिपादन केले. मी कोसंबींच्या बाजूचा आहे, आणि माझे कारण तळेगावनजीकच्या शेलारवाडीच्या लेण्यात आहे. तेथे धेनुकाकटच्या एका नांगरधाऱ्या कुणब्याच्या बायकोने, सिअगुतेने, दान दिलेले आहे. व्यापारी दूरदेशाहून येतो, श्रेष्ठी बनवासीहून येतो. पण शेत कसणाऱ्याची बायको कृष्णेच्या मुखाकडून मावळात लेणे द्यायला येत नाही. देवघर हीच नेमकी जागा की शेजारची, याविषयी वाद चालू द्यावा. नगर मात्र याच परिसरात होते. टार्न यांचा तर्क मला पटत नाही, कारण वसाहत करून राहिलेल्या परक्याने स्थानिक नाव घेणे ही अत्यंत स्वाभाविक गोष्ट आहे आणि तेवढ्यासाठी त्याला जन्माने भारतीय ठरविण्याची गरज नाही. मावळात, व्यापारी घाटवाटेच्या तोंडाशी, परदेशी माणसे घर करून राहत होती आणि गावाच्या देवकार्यात गावाबरोबर वर्गणी देत होती, एवढे तरी निःसंशय आहे.

त्या रविवारी पायथ्याशी एका वाटाड्याने पाहुण्यांना सांगितले की हे सारे पांडवांनी एका रात्रीत कोरले. कथेशी माझे वैर नाही. परंतु एका रात्रीत म्हटले की पिढ्यान्‌पिढ्या छिन्नी चालविणारे पाथरवट नाहीसे होतात, पांडवांनी म्हटले की सामी सुतार, सिंहदत्त गंधिक आणि कुणब्याची सिअगुता नाहीशी होते, आणि यवन तर कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही. ज्या वास्तूचे इतके दाते नावागावासह दगडावर उभे आहेत, तिला निनावी करण्याचे कार्य आपण अभिमानाने करीत आहोत.

तिकिटाविषयी लोक मला नेहमी विचारतात, म्हणून सांगतो. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांत दोन दर आहेत, आणि २०१८ पासून ते असे: कार्ल्यासारख्या ठिकाणी भारतीयास २५ रुपये आणि परदेशीयास ३००, घारापुरीसारख्या जागतिक वारसास्थळी ४० आणि ६००; सार्क आणि बिमस्टेक राष्ट्रांच्या नागरिकांना भारतीयांचाच दर. देशाची रयत कररूपाने स्मारकाचा खर्च आधीच भरते, हे समर्थन मला मान्य आहे, आणि माझ्या स्नेह्यांनीही रकमेबद्दल कुरकुर केली नाही. माझे म्हणणे इतकेच, की बारापट मोल घेतल्यावर पाहुण्याच्या हाती काय पडते? आपल्या लेण्यांच्या दाराशी असणारा फलक बहुधा शतक आणि लांबी-रुंदी सांगतो. आतला खांब कोणी दिला हे सांगत नाही. आणि २५ रुपये भरणाऱ्याचे नुकसान त्याहून मोठे आहे, कारण परदेशचा पाहुणा मायदेशी जाऊन पुस्तक उघडतो, आमचा माणूस मात्र तो खांब आपल्याच मावळातल्या माणसांनी दिला हे न कळताच घरी जातो.

माझ्या स्नेह्यांनी परतीच्या वाटेवर एवढेच विचारले: खांबाजवळ उभ्या राहणाऱ्या शेकडो माणसांपैकी एकानेही वर काय लिहिले आहे असे का विचारले नाही? मी त्यांना रविवारची गर्दी, आवाज, काळवंडलेला दगड अशी कारणे सांगितली. ती सारी खरी आहेत आणि अपुरी आहेत. न विचारण्याचे कारण हे, की विचारण्याजोगे काही आहे हे आम्ही, ज्यांचा हा व्यवसाय, त्यांनी मराठीतून पुरेसे सांगितलेच नाही. एमिल सेनार यांचे कार्ल्याच्या लेखांचे वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’च्या सातव्या खंडात आहे, ते इंग्रजीत आहे आणि मोठ्या ग्रंथालयांतच मिळते.

तेव्हा या अंकाच्या वाचकांना माझी विनंती आहे. यंदा ज्यांच्या घरी परदेशचे पाहुणे उतरतील त्यांनी त्यांना कार्ल्याला अवश्य न्यावे; सुट्टीचा वार आणि चैत्री यात्रेचे दिवस सोडून न्यावे, दुपार कलण्यापूर्वी वर पोहोचावे, आणि स्मारकाच्या पहारेकऱ्याला विचारून एक लहान विजेरी बरोबर ठेवावी. जे पंचायतीत, पालिकेत वा शाळेत अधिकारावर आहेत त्यांनी दात्यांची नावे मराठीत लिहिलेला एक कागद पायथ्याशी वाटण्याची व्यवस्था करावी. मजकूर मी विनामूल्य लिहून देईन.