अडीचशे लिटरचा समुद्र

१६ एप्रिल २०२४. डोंबिवलीच्या मासळी बाजारात दुपारी अडीच वाजता शुकशुकाट होता. मंगळवार, त्यात चैत्रातलं नवरात्र, दुसऱ्या दिवशी रामनवमी. मासे घ्यायला येणार कोण? ओळखीच्या मावशी पाटीवर ओलं गोणपाट टाकून पेंगत बसल्या होत्या. मी म्हटलं, "मावशी, मासे नकोत, बर्फ द्या. असेल तेवढा."

त्यांचा चेहराच उतरला. "घरात कोनी गेलं काय रं दादा?"

"नाही हो. मासे आहेत घरात. जिवंत."

"जित्या मासल्यांना बरफ?" त्यांनी शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीने माझ्याकडे. मग दोघींनी मिळून मला दोन पिशव्या भरून बर्फ दिला आणि पैसे घेतले नाहीत. वेड्याकडून कसले पैसे घ्यायचे, असा काहीसा भाव होता.

त्याआधी दोन तास मी ठाण्याला, नौपाड्यातल्या ऑफिसात होतो. मुलीचा फोन आला. "बाबा, लाइट गेलेत. टँकचा आकडा २९.२ झालाय." जवळचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता आणि संध्याकाळपर्यंत काही खरं नाही, असं वॉचमनने सांगितलं होतं. त्या दिवशी सांताक्रूझला ३९.७ अंश तापमान नोंदलं गेलं. आमच्या बाल्कनीतला थर्मामीटर ४१ दाखवत होता, पण तो कुकरच्या शिट्टीनेही चढतो, त्यामुळे त्याचं फार मनावर घेऊ नये. मी घरी पोचलो तेव्हा टँक ३०.४ वर होता. बॅग टाकली आणि तसाच बाजारात पळालो.

हा टँक म्हणजे अडीचशे लिटरची काचेची पेटी, तीही खाऱ्या पाण्याची. दोन क्लाउन फिश, एक कोळंबी आणि मऊ प्रवाळांचे सहा-सात पुंजके. मासे पाळणाऱ्यांच्या भाषेत झोआ, मशरूम, लेदर. लहानपणी बाबा मला मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात न्यायचे. १९५१ सालचं ते मत्स्यालय, आता बंद आहे. तिथल्या काचेला नाक लावून उभा राहिलेला मुलगा पुढे चाळिशीत काय करणार? गोड्या पाण्याचे गप्पी आणि एंजल पाळून झाले, कुर्ल्याच्या बाजाराच्या रविवारच्या चकरा झाल्या, आणि एका दिवाळी बोनसला समुद्र घरी आला.

समुद्र घरी आणणं म्हणजे मीठ विकत घेणं. आरओच्या शुद्ध पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम खास मीठ कालवायचं, बाथरूममधल्या पिंपात रात्रभर फिरवायचं आणि दर पंधरा दिवसांनी थोडं पाणी बदलायचं. आई म्हणायची, "मोठागावला हाकेच्या अंतरावर खाडी आहे आणि हा बाबा मीठ विकत आणून खारं पाणी करतो." खाडीचं पाणी का चालत नाही, हे मी तिला कधी नीट समजावलं नाही. डोंबिवलीकराला ते समजावावं लागू नये. २०१४ मध्ये आमच्याकडे हिरवा पाऊस पडला होता आणि २०२० मध्ये एमआयडीसीतला एक रस्ता गुलाबी झाला होता.

आईच्या बोटात पोवळ्याची अंगठी असायची, मंगळासाठी. "हे तुझ्या पेटीतलंच ना?" तिने एकदा विचारलं. पोवळं भूमध्य समुद्रातलं, खोल पाण्यात वाढणारं. ते प्रवाळच, पण समुद्रात भिंती बांधणारं नव्हे. मी तिला झोआचा पुंजका दाखवला. पाच रुपयांच्या नाण्याहून लहान तोंडं, भोवती पापण्यांसारखी झालर. "म्हणजे हे जनावर आहे?" जनावरच. पण त्याच्या मांसात लाखो सूक्ष्म शेवाळपेशी राहतात, उन्हावर अन्न करतात आणि त्यातलं बहुतेक घरमालकाला देऊन टाकतात. आईने थोडा वेळ पाहिलं. "भाडेकरू कमावणारा आणि मालक खाणारा," ती म्हणाली. पागडीच्या चाळीत चाळीस वर्षं काढलेल्या बाईला हे सहजीवन माझ्यापेक्षा लवकर कळलं.

मालक-भाडेकरूंचं हे नातं तापमानावर टिकून असतं. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाच्या वर जेमतेम एक अंश गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की शेवाळाचं यंत्र बिघडतं. त्यातून प्रवाळाला घातक अशी ऑक्सिजनची रूपं तयार होऊ लागतात. मग प्रवाळ भाडेकरूंना बाहेर काढतो. रंग त्यांचाच होता, तो जातो. कठीण प्रवाळात आतला चुन्याचा सांगाडा पारदर्शक मांसातून पांढराफेक दिसू लागतो. तो मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी लवकर निवलं तर भाडेकरू परत येतात.

हे सगळं मी पुस्तकातून शिकलो होतो. त्या एप्रिलमध्ये ते घरात पाहिलं.

बर्फ पिशव्यांत घट्ट बांधून टँकमध्ये तरंगवला. बाजारचा बर्फ थेट पाण्यात टाकला असता तर त्यातल्या क्लोरीनने आणि घाणीने उरलेलं काम केलं असतं. बॅटरीचा पंप बुडबुडे सोडत होता, कारण पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. मुलगी वहीत दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहीत होती. ३०.९. ३१.१. ३०.७. रात्री साडेनऊला वीज आली, पण अशी मरतुकडी, की ट्यूबलाइट लुकलुकत राहिली, आणि त्या धक्क्यात टँकचं पाणी गार ठेवणाऱ्या चिलरचा कॉम्प्रेसर गेला. दुरुस्तीला नऊ दिवस लागले. नऊ दिवस टँकवर दोन टेबलफॅन. वाऱ्याने पाणी उडतं आणि गार होतं, पण आमच्याकडच्या दमट हवेत किती उडणार? शिवाय उडतं ते गोडं पाणी, मीठ खालीच राहतं. म्हणून रोज तांब्या-तांब्याने वरून साधं पाणी घालायचं. इतकं करून आकडा ३० आणि ३१च्या मध्ये अडकलेला.

पाचव्या दिवशी लेदर फिकटला. मऊ प्रवाळाला चुन्याची भिंत नसते, त्यामुळे तो पांढरा शुभ्र झाला नाही. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा झाला. मशरूम आक्रसून सुपारीएवढे राहिले. झोआंनी तोंडं मिटली ती मिटलीच.

त्याच आठवड्याच्या सोमवारी, १५ एप्रिलला, अमेरिकेच्या नोआ या संस्थेने चौथ्या जागतिक प्रवाळ-विरंजनाची, म्हणजे प्रवाळ पांढरे पडण्याची, घोषणा केली होती. आधीची तीन १९९८, २०१० आणि २०१४ ते १७ची. ती बातमी मी पंख्यासमोर बसून वाचली. मेमध्ये केरळातल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडल्याचं सांगितलं. तिथला समुद्र ऑक्टोबरपासूनच तापलेला होता. लक्षद्वीपमध्ये १९९८ पासून सतत नोंदी घेणाऱ्या शास्त्रज्ञांच्या मते, चोवीस वर्षांत तिथलं जिवंत प्रवाळ जवळपास निम्म्यावर आलं आहे. एका तडाख्यातून सावरायला जेवढी वर्षं लागतात, तेवढी आता दोन तडाख्यांच्या मध्ये मिळत नाहीत. मला नऊ दिवसांनी चिलर परत मिळणार होता.

चिलर दुरुस्त केला कल्याणच्या एका फ्रीजवाल्या काकांनी. पहिला प्रश्न, "साहेब, माशांना एसी?" दुसरा प्रश्न जास्त बोचरा. त्यांनी मागच्या जाळीपाशी हात धरला आणि म्हणाले, "हा गार करतोय तेवढंच आणि वर थोडं जास्त गरम घरात सोडतोय. बाल्कनीत ठेवा." ठेवला. पंधरा दिवसांत बायकोची तुळस करपली. गरम झोत थेट कुंडीवर जात होता. तिने काही न बोलता कुंडी उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीत नेली. ती काही बोलली असती तर बरं वाटलं असतं. दोनशे-अडीचशे लिटर पाणी २६ अंशांवर ठेवण्यासाठी मी डोंबिवलीची हवा आणि कुठल्यातरी औष्णिक केंद्रातला कोळसा तापवत होतो.

घोडबंदर रोडला माझा एक मित्र राहतो. त्याच्या टॉवरला जनरेटर आहे, म्हणून त्याची मतंही ठाम असतात. तो म्हणाला, "अरे, उद्या समुद्रातले प्रवाळ संपले तर आपल्यासारख्यांच्या टँकमध्येच उरतील. मनूने मासा आधी कमंडलूतच ठेवला होता ना?" तो अगदीच हवेत बोलत नव्हता. जुलै २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या एका उथळ खाडीत पाणी ३८ अंशांच्या वर गेलं, तेव्हा तिथल्या रोपवाटिकांतले हजारो प्रवाळ उचलून जमिनीवरच्या टाक्यांत आणावे लागले. फ्लोरिडातल्याच डेव्हिड व्हॉन या शास्त्रज्ञाच्या हातून टाकीच्या तळाला चिकटलेला प्रवाळ चुकून तुटला, आणि ते बारीक तुकडे अनेक पट वेगाने वाढताना दिसले. आज तीच पद्धत उजाड भिंतींवर लावणीसाठी वापरतात. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात दिव्यांनी चंद्राच्या कलांची नक्कल करून बंद टाकीतल्या प्रवाळांना ठरल्या वेळी अंडी सोडायला लावलं. तुकडे करून वाढवणं, दिवे, पंप, मीठ या तंत्रात घरोघरच्या हौशी लोकांची वर्षानुवर्षांची खटपट मिसळलेली आहे, हे खरंच.

"पण मनूने शेवटी मासा समुद्रातच सोडला," मी म्हटलं. "समुद्र गार होता म्हणून."

मित्र गप्प बसला नाही, तो बसत नाही. पण माझ्या मनात दुसरंच होतं. आम्ही रक्षणकर्ते म्हणून मिरवायच्या आधी आमचं खातं तपासायला हवं. खाऱ्या पाण्यातले पाळीव मासे आजही बव्हंशी समुद्रातून पकडूनच येतात, आणि आग्नेय आशियात त्यासाठी भिंतींवर सायनाइड फवारण्याचा इतिहास आहे. सुरुवातीच्या दिवसांत एका दुकानात मला पडद्यामागून मुठीएवढा कठीण प्रवाळ दाखवला होता, मेंदूच्या वळ्यांसारखा. मी घेतला नाही. यात मोठेपणा काही नाही, मला तो परवडत नव्हता. भिंती बांधणारे सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत, हे मला नंतर कळलं. पैसे असते तर मी वाघाचं पिल्लू रिक्षात घालून घरी आणलं असतं.

म्हणून मला टँकच्या नौकेपेक्षा ऐरोली जास्त पटते. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने दुसरंच स्टेशन ते. खाडीकाठी वनखात्याचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. लोक तिथे फ्लेमिंगो पाहायला, बोटीत बसायला जातात. तिथेच मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनने क्लाउन फिशची पैदास सुरू केली. ठाण्याच्या खाडीकाठी जन्मलेला निमो! प्रवाळभिंतीवरून एकही मासा न उचलता तो कुणाच्या तरी काचेत पोचतो, म्हणजे तेवढ्यापुरती भिंत सुटली.

ऐरोलीहून आल्यावर मीही मागे लागलो. माझी जोडी मातीच्या कुंडीच्या आतल्या बाजूला शेंदरी अंडी घालायची आणि नर रात्रंदिवस परांनी वारा घालत बसायचा. आठवड्याभराने, दिवे मालवल्यावर, पिल्लं सुटतात. ती एवढी बारीक, की त्यांना आधी रोटिफर हे सूक्ष्मजीव खायला लागतात, आणि रोटिफरना हिरवं पाणी. खिडकीत हिरव्या बाटल्यांची रांग लागली, शेजारच्या तुळशीला बहुधा बरं वाटलं असेल. पहिल्या तीन खेपा पूर्ण मेल्या. चौथ्या खेपेत अकरा जगले. अकरा ही संख्या सांगताना मला आजही बारशाचे पेढे वाटावेसे वाटतात. एप्रिलच्या त्या नऊ दिवसांनंतर जोडीने चार महिने अंडी घातली नाहीत.

लेदर सावरला, ऑगस्टपर्यंत हळूहळू तपकिरी झाला. मशरूम गेले. झोआंतले निम्मे उघडले.

२७ एप्रिल २०२५, अमावास्येचा रविवार. मुलीला घेऊन वांद्र्याला कार्टर रोडच्या खडकांवर गेलो. २०१७ पासून मरीन लाइफ ऑफ मुंबईची मंडळी लोकांना असे ओहोटीचे किनारे दाखवतात. त्यांच्याबरोबर आम्ही एकदा गेलो होतो, आता आमचे आम्ही. किनारी रस्त्यासाठी हाजी अली-वरळीच्या प्रवाळांच्या १८ वसाहती २०२० मध्ये उचलून दुसरीकडे लावल्या, तेव्हा कितीतरी मुंबईकरांना आपल्याकडे प्रवाळ आहेत हे पहिल्यांदा समजलं. मीही त्यातलाच. गढूळ पाणी, प्लॅस्टिक, निर्माल्य, आणि त्यातच खडकावर सतरंजी अंथरल्यासारखे झोआ. मी पैसे मोजून आणले त्यांचे चुलतभाऊ, फुकट, हजारोंनी.

मुलीने घरून टँकचा थर्मामीटर आणला होता. एका डबक्यात, कशाला हात न लावता, तिने त्याची वायर सोडली. ३४.१. झोआ मिटून चिखलाच्या गोळ्यांसारखे बसले होते, पण ठणठणीत. रोज दोनदा पाण्याबाहेर पडून उन्हं खाणाऱ्यांची सवयच वेगळी.

साडेसहाच्या सुमाराला पाणी वळलं. पहिली लाट खडकाच्या कडेवरून आत सांडली, मग दुसरी. "बाबा, खाली येतोय," ती ओरडली. ३३.०. ३२.२. झोआ पुन्हा पाण्याखाली गेले, एकेक झालर उघडू लागली. डबकं आणि समुद्र एक झाले. आकडा आणखी थोडा उतरला आणि थांबला.

३०.४.

तिने वायर गुंडाळता गुंडाळता माझ्याकडे पाहिलं. "याच आकड्याला तू बर्फ आणायला पळाला होतास ना?"

पाणी घोट्याला लागलं होतं. आम्ही चपला हातात घेतल्या आणि निघालो.