आदिलाबादच्या गच्चीवरून

नागपूरहून निघालं की साधारण दोनशे किलोमीटरवर आमचं आदिलाबाद. हिंगणघाट, वडनेर, पांढरकवडा मागे पडतं, पैनगंगेचा पूल येतो आणि पाट्या मराठीतून तेलुगूत जातात. बाकी काही बदलत नाही. तीच काळी जमीन, तोच कापूस आणि टपरीवर तीच मराठी. यंदा जानेवारीत गेलो तेव्हा मार्केट यार्डाच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. आईला ऐंशी पूर्ण झाली, म्हणून चार वर्षांनी, एकटाच, तीन आठवड्यांसाठी गेलो होतो.

आदिलाबाद म्हटलं की लोकांना तिथला भाजून काढणारा उन्हाळा आठवतो. पण जानेवारीतली पहाट तिथे अशी गार असते की गच्चीवर चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसावं लागतं. फोनला रेंजही गच्चीवरच चांगली. सहाव्या दिवशी सकाळी सातला तसाच बसलो होतो आणि लेकीचा व्हिडिओ कॉल आला. ह्यूस्टनमध्ये आदल्या संध्याकाळचे साडेसात वाजले होते.

"बाबा, तुमचं हिरवं झाड पांढरं पडतंय."

आमच्या घरी येऊन गेलेल्यांना दिवाणखान्यातली ती खाऱ्या पाण्याची टाकी माहीत आहे. त्यात मधोमध एक हिरवं, फांद्याफांद्यांचं प्रवाळ होतं. अॅक्रोपोरा त्याचं नाव. आपल्या मंडळातल्याच एका स्नेह्यांनी सहा वर्षांपूर्वी बोटाच्या पेराएवढा तुकडा दिला होता, त्याची फुटबॉलएवढी वसाहत झाली होती. दिसतं झाड, पण तो असतो हजारो इवल्या प्राण्यांचा समूह. आत चुनखडीचा सांगाडा आणि त्यावर जिवंत कातडीचा पातळ थर. तो थरच सुटत होता. लेकीने कॅमेरा जवळ नेला तेव्हा बुंध्याकडची कातडी ओल्या कागदासारखी लोंबताना दिसली. सकाळी दोन बोटं जागा पांढरी होती, संध्याकाळपर्यंत तिसरा हिस्सा गेला होता.

पांढरं प्रवाळ दिसलं की आपण 'ब्लीचिंग' म्हणतो. हे ते नव्हतं. ब्लीचिंगमध्ये प्रवाळाच्या आत राहणारं सूक्ष्म शेवाळ निघून जातं, पण प्राणी काही काळ जिवंत असतो आणि पाणी निवलं तर सावरू शकतो. इथे मांसच गळून जातं आणि नुसता सांगाडा उरतो. टाकी पाळणारे याला 'रॅपिड टिश्यू नेक्रोसिस' म्हणतात. काही तासांत, फार तर दोनतीन दिवसांत सगळं संपतं. यात काही जिवाणू आणि सूक्ष्मजीव सापडतात, पण ते कारण असतात की मेलेल्यावर ताव मारायला आलेले, हे अजून नक्की ठरलेलं नाही. ठिणगी मात्र बहुतेकदा पाण्यातल्या एखाद्या अचानक बदलाची असते.

म्हणून आधी पाणी तपासायला सांगितलं. तापमान ठीक, क्षारता ठीक. मग अल्कलिनिटी, म्हणजे प्रवाळ ज्यातून सांगाडा बांधतं त्या कार्बोनेटचं मोजमाप. आमच्या टाकीत ती कायम 8 च्या आसपास असायची. लेक म्हणाली, "11.2."

चूक माझीच होती. मी नसताना कमी पडू नये, म्हणून निघायच्या आदल्या रात्री डोस देणाऱ्या पंपाचा आकडा मी वाढवून ठेवला होता. काळजीपोटी केलं आणि तेच बाधलं.

"मग आता भरपूर पाणी बदलू का?" तिने विचारलं.

नको म्हटलं. एक झटका बसलेल्या जीवाला उलट्या दिशेने दुसरा झटका द्यायचा नसतो. पंप बंद कर, आकडा आपोआप रोज थोडाथोडा उतरू दे, नवा कार्बन घाल. पण हे सगळं टाकीतल्या बाकीच्यांसाठी होतं. हिरव्यासाठी एकच उपाय उरला होता. जिवंत फांद्या कापून वेगळ्या करायच्या.

इथे माझी जीभ अडखळली. सहा वर्षांची वसाहत. मी म्हणालो, "जिथे पांढरं संपतं तिथे काप, जास्तीत जास्त वाचेल."

आई तुळशीला पाणी घालायला वर आली होती. तिने फोनच्या पडद्यावर डोकावून पाहिलं. "हे काय रे?"

"पोवळं आहे आई. मरतंय."

"अंगठीतलं पोवळं?"

"त्यातलाच प्रकार समज."

तिने थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "गुलाब वरून वाळत आला की वाळल्याच्या कडेला कापतोस का? हिरव्यात काप. दोन बोटं चांगली गेली तरी जाऊ दे. कडेला कापलंस की वाळण सोबतच जाते."

टाकीबद्दल मी इतकी वर्षं वाचलं होतं, तिथेही हेच लिहिलेलं असतं. त्या क्षणी मला ते दिसलं नाही, कारण मला सगळंच वाचवायचं होतं. मी लेकीला म्हणालो, "आजीचं ऐक. वरची टोकं घे. कडेपासून चांगलं लांब."

तिने हाडं कापायच्या कात्रीने पाच टोकं कापली. टाकीतलंच पाणी एका भांड्यात घेऊन त्यात बाटलीवर दिलेल्या प्रमाणात आयोडीन घातलं, टोकं बुडवून काढली, स्वच्छ खाऱ्या पाण्यात विसळली आणि जुन्या छोट्या टाकीत हीटर व पंप लावून ठेवली. हातमोजे घालायला मी दोनदा बजावलं. मूळ वसाहत तिने बाहेर काढली, कारण सडणारं मांस टाकीत राहिलं तर बाकीच्यांवरही पाळी येते. बाहेर काढताना ती गप्प होती. तिच्या तिसरीपासून ते झाड आमच्या घरात होतं.

दुसऱ्या दिवशी आईला केस्लापूरला न्यायचं होतं. गुडीहत्नूरवरून इंद्रवेल्लीकडे वळलं की थोड्या अंतरावर केस्लापूर, नागोबाचं ठाणं. पौष अमावास्येला तिथे गोंडांची मोठी जत्रा भरते. मेश्राम कुळातले लोक जन्नारमजवळून गोदावरीचं पाणी घेऊन कित्येक दिवस अनवाणी चालत येतात आणि त्या पाण्याने नागोबाची पूजा होते. वडाखाली उतरलेल्या पांढऱ्या धोतरांतल्या त्या लोकांकडे पाहत आई म्हणाली, "एवढ्या लांबून पाणी आणायचं म्हणजे सांडून कसं चालेल." माझं अर्धं लक्ष फोनकडे होतं आणि तिथे रेंज येत-जात होती. परतीच्या वाटेवर गुडीहत्नूरला एकदम तीन मेसेज आले. पहिला: एक तुकडा गेला. दुसरा: अजून एक गेला. तिसरा: "बाबा, तीन ठीक आहेत. रात्री पॉलिप्स बाहेर आले होते."

गाडीत भाचा होता, त्याला सगळी हकीकत सांगितली. तो लगेच म्हणाला, "मामा, इथे करू या का अशी टाकी?" त्याला म्हटलं, सुटीत मालवणला जा आणि तिथे समुद्रातच बघ. भारतात सांगाड्याची प्रवाळं 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. समुद्रातून तोडून घरात ठेवणं गुन्हा. आमच्या तिकडे मिळतात ती बहुतेक तुकड्यांपासून टाकीतच वाढवलेली. मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या 18 प्रवाळ वसाहती सापडल्या, त्याही 2020 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परवानगी घेऊन, उचलून दुसऱ्या जागी नेऊन बसवल्या.

"पण आदिलाबादचा आणि समुद्राचा काय संबंध," असं तो हसत म्हणाला. संबंध आहे. आमच्या भागातली चुनखडी भूगर्भशास्त्रात 'चांदा लाइमस्टोन' म्हणून ओळखली जाते. ती जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेली आहे आणि पृथ्वीवर पहिलं प्रवाळ जन्मायच्याही आधीची आहे. आईच्या तांब्याच्या हंड्यात जो पांढरा थर बसतो, तो आणि माझ्या टाकीतला सांगाडा मूळचे एकच.

फ्लोरिडात हेच संकट समुद्रात आलं आहे. 2014 मध्ये मायामीजवळ सुरू झालेल्या रोगाने वीसहून अधिक जातींच्या प्रवाळांची कातडी गळून पडली. कारण अजून निश्चित सापडलेलं नाही. पाणबुडे एकेका वसाहतीला प्रतिजैविकाचा लेप लावतात. शिवाय रोग पोहोचण्याआधीच निरोगी प्रवाळं काढून समुद्रापासून शेकडो मैल दूरच्या मत्स्यालयांत आणि प्राणिसंग्रहालयांत ठेवली आहेत. रोग तिथे पोहोचू शकत नाही. बीज मागे ठेवायचं, एवढाच हेतू.

परत आलो तेव्हा तीन टोकं छोट्या टाकीत उभी होती, कापलेल्या जागी नवी कातडी चढू लागली होती. मोठ्या टाकीत मधे खड्डा दिसतो, अजून डोळ्यांना सवय झालेली नाही. पंपाचा आकडा आता प्रवासाला निघताना बदलायचा नाही, असा घरात नियम आहे. बदल करायचाच असेल तर निदान दोन आठवडे आधी, आणि रोज मोजत.

आणखी एक केलं. तीनपैकी एक तुकडा जरा बळ धरल्यावर मूळ देणाऱ्या स्नेह्यांना परत दिला, कारण त्यांच्याकडचं झाड पूर्वीच गेलं होतं. ते म्हणाले, "सहा वर्षांत एकदाही मागितला नव्हता, बरं का." खरं तर मीच कधी द्यायला हवा होता. सगळं एकाच टाकीत जपून ठेवलं होतं, तेच धोक्याचं होतं. उरलेल्या दोघांतून पुढच्या वर्षी चार होतील. मंडळातल्या ज्यांची खाऱ्या पाण्याची टाकी आहे त्यांनी हक्काने मागावा.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "गुलाबाचंही कलम शेजारी दिलं की आपलं मेलं तरी मागता येतं." मग लेकीशी बोलायचंय म्हणाली. दोघी अर्धा तास बोलत होत्या, गुलाबाबद्दल.