पोच घेतलीस का?

चि. धाकट्यास,


काल तुझा फोन ठेवला आणि ओट्यावरचं दूध उतू गेलेलंही मला कळलं नाही. 'ताई, मिटलं एकदाचं, पोराचा दाखला काढला,' म्हणालास. कुणाचं मिटलं रे? शाळेचं मिटलं!

अर्जाचा फोटो पाहिला. 'घरगुती कारणास्तव पाल्याचा दाखला मिळावा.' ही भाषा तुझी नव्हे. मजकूर त्यांनी सांगितला, सही तू ठोकलीस. अरे, पहिली ते आठवीच्या मुलाला शाळेतून काढून टाकायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेच बंदी आहे. म्हणून ते काढत नाहीत, आपल्यालाच मागायला लावतात. 

तू चाकणला डिस्पॅच सांभाळतोस. चलन नसेल तर तुझ्या गेटातून एक क्रेट बाहेर पडत नाही. आणि इथे? वर्षभर त्याच्या वर्गाच्या बाईंनी ऐकवलं, 'त्याला झेपत नाही, दुसरी शाळा बघा.' त्यातलं एक अक्षर तरी शाळेच्या लेटरहेडवर आहे का? तोंडी बोलण्याला पोच नसते, हे मी तुला कधीपासून सांगतेय. मागे एका रुग्णालयातून मला तीनदा परत पाठवलं. फाइल सापडत नाही म्हणे! चौथ्या खेपेला मी शिक्का मारलेली झेरॉक्स टेबलावर ठेवली आणि फाइल त्याच टेबलाच्या खणातून निघाली. तेव्हापासून नवस बोलतानाही देवाकडे पोच मागावी असं मला वाटतं. हस खुशाल.

मूळ प्रश्न तू विचारलास तो, 'स्पेशल शाळेतच घालावं का?' ते आधी तपासणी होऊन कळू दे. घाई कसली? यंदा त्याला आठवं लागलं. अध्ययन अक्षमतेची छाननी तिसरीत किंवा मूल आठ वर्षांचं होताच शिक्षकांनी करायची, असं केंद्राने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतच सांगितलं होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १६ तर सांगतं, ही अडचण लवकर ओळखून मदत करणं हे शाळेचं काम, आणि मान्यताप्राप्त शाळा त्यातून सुटत नाही. म्हणजे ज्यांनी ओळखायचं त्यांनीच हात वर केले. पुढे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र ४० टक्के किंवा जास्त आलं, तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण. जवळची शाळा की विशेष शाळा, ती निवड मुलाची, म्हणजे आपल्या घरची, मुख्याध्यापकांची नव्हे. दहावीला जादा वेळ, लेखनिक वगैरे मिळतं, पण तेही याच कागदाच्या जोरावर. त्या प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भर. ही तपासणी प्रत्येक रुग्णालयात होत नाही, तेव्हा रजा टाकण्याआधी फोन करून विचार.

दाखला अजून कुठे दिला नसशील तर देऊ नकोस. उद्याच लिही : 'शाळेने तोंडी सुचवल्यावरून केलेला अर्ज मागे घेत आहे.' दोन प्रती. एक मुख्याध्यापकांना, एक राजगुरुनगरला गटशिक्षणाधिकाऱ्यांना. दोन्हीकडे आवक क्रमांक, तारीख, गोल शिक्का. समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षकाला वर्गात येऊन पाहायला सांगा, हेही त्यातच लिही. 'शिक्षकच नाहीत' म्हणतील. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येच प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवून दिलंय. तुझ्या मुलाने त्यांच्या भरतीची वाट का बघायची? शाळेत 'मी बघतो' म्हणून उठून येऊ नकोस. तुझी ती जुनी खोड.

दिवाळीत त्याने मला चिठ्ठी लिहिली होती : 'आत्या धरी ये.' घ चा ध. फ्रिजवर लावून ठेवली आहे. खोडरबराने कागद दोन जागी फाटलाय, इतक्यांदा खोडलंय पोराने. ती बाईंना दाखव, हवी तर देते. झेरॉक्स. मूळ प्रत देणार नाही.

आता खरं सांग, तुझी सेकंड शिफ्ट, त्याची आई सातला कंपनीच्या बसने जाते, मग दुपारी दोन ते साडेचार तो कुणाकडे असतो? शेजारच्या काकू गावाला गेल्यात असं तीच ओझरतं बोलली. पाचवा मजला आहे. गॅलरीला जाळी बसवलीस का? आज रात्री फोन कर, कितीही उशीर झाला तरी.

तुझी,
ताई