फ्लॅटबेड, ड्रम आणि आत्या

बाबा गेल्यावर त्यांच्या कपाटात बुटांचं एक खोकं सापडलं. आत बूट नव्हते. ३५ मिमी फिल्मच्या निगेटिव्ह होत्या आणि पुठ्ठ्याच्या चौकटीतल्या स्लाइड्स. सगळ्या मिळून चारेकशे फ्रेम्स. आई म्हणाली, "हे बरंचसं माझ्या लग्नाआधीचं आहे बाबा, मला काही सांगता यायचं नाही. साताऱ्याच्या आत्यांना विचार." मी म्हटलं, दोन वीकेंडचं काम, स्कॅन करतो आणि आत्याला दाखवतो. ही गोष्ट २०११ च्या जानेवारीतली.

पण साधं काम साधेपणानं केलं तर तो इंजिनियर कसला!

फिल्मचाही दिवा असलेला एक फ्लॅटबेड स्कॅनर घेतला. खोक्यावर लिहिलेलं, ६४०० डीपीआय. हिशोब केला, २४ × ३६ मिमीच्या एका फ्रेमचे साडेपाच कोटी पिक्सेल! १६ बिटमध्ये फाइल ३३० एमबीची. आता इतकं सगळं मिळतंय तर ते खरं आहे का, हे तपासायला नको? म्हणून बारीक बारीक होत जाणाऱ्या रेघांचा एक टेस्ट चार्ट मागवला. निकाल आला जेमतेम २३०० डीपीआयचा. पुढचे सगळे पिक्सेल म्हणजे ताकात घातलेलं पाणी. मग फिल्म काचेपासून किती उंचीवर धरली की फोकस नीट बसतो, यात दोन महिने गेले. धूळ आपोआप काढणारं इन्फ्रारेडचं बटण दाबलं, तर कृष्णधवल निगेटिव्हमधल्या आजोबांच्या चष्म्याची काडीच गायब झाली. नंतर कळलं, रंगीत फिल्ममधले रंग इन्फ्रारेड आरपार जाऊ देतात, पण कृष्णधवल फिल्ममधली चांदी ते अडवते. स्कॅनरला सगळी चांदी धूळच वाटते.

एवढ्यात कुणीतरी म्हणालं, "ड्रम स्कॅन कर, फ्लॅटबेड विसरशील." झालं!

ड्रम स्कॅनर ही छापखान्यांच्या जगातली चीज. फिल्म तेलात भिजवून पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या नळकांड्यावर चिकटवतात आणि ते नळकांडं मिनिटाला शेकडो फेऱ्यांनी फिरवतात. फ्लॅटबेडमध्ये अख्खी पट्टी एकदम उजळते, त्यामुळे उजळ भागातला प्रकाश शेजारच्या काळोखात सांडतो. ड्रममध्ये एका वेळी एकच ठिपका बघतात. त्यातून आलेला प्रकाश फोटोमल्टिप्लायर ट्यूबमध्ये जातो. लाल, हिरवा, निळा, प्रत्येकाची वेगळी ट्यूब. अगदी कणभर प्रकाशही ती कित्येक पटींनी वाढवून मोजते. हे महत्त्वाचं कशासाठी? तर स्लाइडच्या गडद भागाची घनता साडेतीनच्या आसपास जाते. घनतेचं माप लॉगचं असतं, म्हणजे तिथून तीन हजारातला एखादाच भाग प्रकाश पलीकडे पोचतो. फ्लॅटबेडला तिथे दिसते नुसती मुंग्यांसारखी वळवळ.

मुंबईत मासिकांच्या छपाईची पूर्वतयारी करणाऱ्या एका ऑफिसात असं एक धूड अजून चालू होतं. दर ऐकून फक्त पाच फ्रेम्स निवडल्या. त्यात, कुठली पाच, यावर आणखी तीन आठवडे. एक्सेल शीट केली होती, हसू नका.

चार निगेटिव्हमध्ये मोठा फरक पडला नाही. निगेटिव्ह तशी पातळच असते, आणि बाबांचा हात हलला होता तो ड्रमवरही हललेलाच. पाचवी होती स्लाइड, १९७९ ची. वाईच्या वाड्याचं अंगण, कडक ऊन, सायकलवर बसलेला काका, मागे स्वयंपाकघराचं काळंकुट्ट दार. फ्लॅटबेडवर ते दार म्हणजे नुसता काळा चौकोन. ड्रमच्या फाइलमध्ये सावल्या जरा उचलल्या, आणि दारात एक बाई उभी. नऊवारी, एक हात चौकटीवर, डोळे थेट कॅमेऱ्याकडे. बत्तीस वर्षं ती तिथेच होती.

आजी नव्हे, आजी उंच होती. आईनं बराच वेळ बघून मान हलवली. काका तर केव्हाच गेलेला. आणि आत्या त्या श्रावणात गेली होती.

रसेल कर्श या संशोधकानं १९५७ साली अमेरिकेत जगातला पहिला डिजिटल स्कॅन केला, तोही फिरत्या ड्रमवरच. फोटो होता त्याच्या तीन महिन्यांच्या मुलाचा. आकार १७६ गुणिले १७६ पिक्सेल, बस्स. त्यानं आणखी पिक्सेलची वाट पाहिली नाही.

असो. तुमच्याकडे असं खोकं असेल तर सांगतो. साध्या फ्लॅटबेडवर २४०० ला सगळं स्कॅन करा, फाइल ४६ एमबीची होईल आणि माणसं ओळखू येतील. आजकाल डिजिटल कॅमेरा आणि मॅक्रो लेन्सनं तर आणखी पटकन होतं. ड्रम लागतोच, नाही असं नाही, पण तो त्या एखाद्या स्लाइडसाठी. ती नंतर सावकाश शोधा. आधी प्रिंट काढा आणि आत्याकडे जा.

उरलेल्या चारशे फ्रेम्स मी नंतर खरंच दोन वीकेंडमध्ये संपवल्या. निम्म्या चेहऱ्यांना नावं नाहीत. त्या पाचव्या फाइलचं नाव अजून 'दारातली बाई' असंच आहे.