ढिगाऱ्याचा विवेक

ठाण्याच्या खाडीवरील पूल ओलांडून पूर्वेस गेलें म्हणजे वाशी लागते, आणि तेथून दक्षिणेकडे बेलापूरपर्यंत एका हातास खाडी व दुसऱ्या हातास पारसिकचा डोंगर अशी नवी मुंबई लांबवर पसरलेली दिसते. हें शहर वसविण्यासाठीं सन 1970 मध्यें सिडको हें सरकारी महामंडळ स्थापन झालें. त्यापूर्वीं येथें भातखाचरें, मिठागरें आणि आगरी-कोळ्यांचीं गांवें होतीं. आज रुंद रस्ते व उंच इमारती पाहून प्रवासी प्रसन्न होतो. परंतु या शहराची प्रकृति ज्यास समजून घ्यावयाची असेल त्यानें इमारतींच्या शिखरांकडे न पाहतां खाडीच्या कांठच्या तलावांकडे पाहावें.

शहराचा खाडीलगतचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीहून सखल आहे. अशी जमीन राखण्याची हॉलंड देशांतील रीत येथें अनुसरलेली आहे. डोंगरावरून येणारें पावसाचें पाणी नाल्यांवाटे या धारण-तलावांत उतरतें. ओहोटी असली म्हणजे तलावाच्या मुखावरील झडपा आंतील पाण्याच्या रेट्यानें उघडतात व पाणी खाडींत जातें. भरती आली कीं बाहेरचा रेटा वाढून त्याच झडपा मिटतात, आणि तेवढा वेळ पावसाचें पाणी तलावांतच थोपून राहतें. भरती आणि मुसळधार पाऊस यांची गांठ पडली असतां शहर कोरडें राहील कीं बुडेल, हें त्या तलावांत किती जागा रिकामी आहे यावर अवलंबून असतें. वर्षानुवर्षें गाळ सांचून ती जागा उणी होत आली आहे. शिवाय गाळावर तिवरें उगवलीं असल्यामुळें, आणि तिवरांस कायद्याचें संरक्षण असल्यामुळें, तो गाळ वाटेल तेव्हां उपसतांही येत नाहीं.

अशा शहरांत राडारोडा कोठें टाकावा हा प्रश्न केवळ टापटिपीचा नाहीं. पाडलेल्या भिंतींच्या विटा, फुटक्या फरश्या, माती यांनीं भरलेले ट्रक रात्रीं खाडीकांठीं येऊन तिवरांत रिकामे होतात, ही तक्रार येथील लोक पुष्कळ वर्षें करीत आले आहेत. तिवरांची नासधूस म्हणजे नागरिकांच्या मूलभूत हक्कांवरच घाला होय, असा निर्णय मुंबईच्या उच्च न्यायालयानें सन 2018 मध्यें दिला. तरीही चोरून ट्रक रिकामे करणारांस पुरता पायबंद बसलेला नाहीं.

आतां यांत महापुराची भर घाला. 26 जुलै 2005 रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरल्यावर मुंबईंत लेप्टोस्पायरोसिस या तापाची सांथ आली; दूषित पाण्याचा व चिखलाचा पायांच्या जखमांस संसर्ग होऊन तो ताप जडतो. जुलै 2021 मध्यें महाड व चिपळूण बुडालीं, तेव्हां पुरानंतर रस्तोरस्तीं चिखल आणि भिजल्या सामानाचे ढीग लागले होते. गाद्या, धान्य, औषधें, वह्यापुस्तकें, लोखंडी कपाटें, सर्व एकमेकांत कालवलेलें. अशा वेळीं मनुष्य त्रासून जातो. हें सारें एकदां दृष्टीआड होवो, मग तें कोठेंही जावो, असें त्यास वाटतें. जवळचा नाला दिसला कीं तो त्यांत तें लोटून देतो. आणि पुढचा पाऊस तेंच सर्व त्याच्या दारीं परत आणून घालतो.

संस्कृतांत 'विवेक' हा शब्द 'विच्' धातूपासून आला आहे, आणि त्या धातूचा अर्थ वेगळें करणें असा आहे. ढिगाऱ्याच्या बाबतींत हा मूळ अर्थच खरा मार्गदर्शक होय. केंद्र सरकारच्या सन 2016 च्या नियमांनींही बांधकामाचा मोठा राडारोडा निर्माण करणारांस त्याचे चार वाटे करावयास सांगितलें: काँक्रीट, माती, लोखंड, लांकूड व प्लास्टिक, आणि विटा व चुना-सिमेंटचा गिलावा. वेगळें केलेलें काँक्रीट दळून त्याची खडी होते, लोखंड भट्टींत जातें, माती भरावास चालते. एकत्र केलेला ढीग मात्र कोणत्याच कामाचा उरत नाहीं.

गृहस्थानें घरापुरतें काय करावें? प्रथम विजेचा मुख्य खटका बंद आहे याची खात्री झाल्यावांचून ओल्या घरांत पाऊल टाकूं नये. पायांत रबरी बूट व हातांत मोजे असावेत. मुलांस ढिगाऱ्यापासून दूर ठेवावें. औषधें, रंग, कीटकनाशकें, विजेऱ्यांचे सेल व गॅसचे सिलिंडर हीं निराळीं काढावीं. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात, व ते श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन वर्षानुवर्षें अपाय करतात. म्हणून ते पत्रे फोडूं नयेत. ओले करून, अखंड उचलून, प्लास्टिकमध्यें गुंडाळून पालिकेच्या माणसांच्या स्वाधीन करावे. मे 2021 मधील तौक्ते वादळांत या शहरांत पुष्कळ झाडें पडलीं. तसा पालापाचोळा जाळूं नये. फांद्या बारीक केल्या तर ढीग पुष्कळच लहान होतो, आणि पाल्याचें खत होतें.

परंतु विवेकाचा एक प्रकार याहून कठीण आहे. पनवेलच्या पुढें चौकजवळ इरशाळगड उभा आहे. त्याच्या कुशींतील इरशाळवाडी या ठाकरवस्तीवर 19 जुलै 2023 च्या रात्रीं डोंगर कोसळला. वर जावयास रस्ता नव्हता, केवळ पाऊलवाट होती. यंत्रें चढवितां आलीं नाहींत. कोसळत्या पावसांत जवानांनीं कुदळ-फावड्यांनीं हातांनींच ढिगारा उपसला. मदतीस निघालेले नवी मुंबईच्या अग्निशमन दलांतील एक अधिकारी ती चढण चढतांनाच हृदयविकारानें मरण पावले. चार दिवसांनीं शोध थांबविण्यांत आला, तेव्हां 27 मृतदेह हातीं लागले होते आणि 57 माणसें बेपत्ता राहिलीं. वांचलेल्या कुटुंबांसाठीं सिडकोनें खालीं चौकजवळ नवीं घरें बांधलीं.

तेथील ढिगारा तेथेंच आहे, आणि तो तसाच राहणें योग्य होय. जें हलवितां येत नाहीं, व ज्याखालीं माणसें निजलीं आहेत, त्यास कचरा म्हणतां येत नाहीं. कांहीं अवशेष उचलावयाचे असतात, कांहीं पुन्हा वापरावयाचे, आणि कांहीं नमस्कार करून जागच्या जागीं ठेवावयाचे. यांतील भेद न जाणणारा मनुष्य खाडींत भिंती टाकतो आणि स्मशानांत खडी फोडावयास निघतो.

संकट येण्यापूर्वींही एक काम आपल्या हातीं आहे. एकत्र कुटुंबाच्या घरांत माळ्यावर तीन पिढ्यांची अडगळ असते: मोडक्या खुर्च्या, गंजके डबे, कोणाच्या तरी लग्नांतील फुटकी ट्रंक. जें घरांत नाहीं त्याचा ढिगारा होत नाहीं. वैशाखांत सर्वांनीं बसून तें निवडावें. महत्त्वाचे कागद व दागिने उंचावर एका पिशवींत ठेवावे. आणि घराची दुरुस्ती काढाल तेव्हां माल नेणाऱ्या ट्रकवाल्यास मजुरी चुकविण्यापूर्वीं एवढें अवश्य विचारा, "हें नेऊन कोठें टाकणार?" उत्तर देतांना तो अडखळला, तर तो ट्रक दारांतून हलूं देऊं नका.