आजीचे अकरा रुपये

गेल्या शनिवारी खामगावला घरी गेलो होतो. भाचीला पैंजण करायचे म्हणून आईने आजीची पुरचुंडी काढली. आत पंचम जॉर्जचे चांदीचे अकरा रुपये, सगळे १९१८ सालचे. आमचं गाव चांदीसाठीच प्रसिद्ध, त्यामुळे आटवायला कितीसा वेळ? पण आजी अडून बसली. "माह्या आजेसासऱ्यानं कापूस इकून आणले हे. कागद नाही घेतला त्यायनं!"

आता हा कागद कुठला? रात्री नेटवर शोधत बसलो आणि झोपच उडाली.

पहिल्या महायुद्धात ब्रिटन कर्जात बुडालं होतं. १९१७ मध्ये हिंदुस्थान सरकारनेही युद्धासाठी १० कोटी पौंडांचा भार उचलला. शिवाय ब्रिटन इथून माल घ्यायचं, पैसे लंडनमध्ये पौंडांत जमा करायचं आणि इथल्या लोकांना रुपये द्यायचे ते इथल्या सरकारने. रुपया चांदीचा, आणि चांदी भडकलेली. औंसाला ४३ पेन्सच्या वर भाव गेला की रुपया चालवण्यापेक्षा आटवणं फायद्याचं! म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची नोट आली, पुढच्या वर्षी अडीच रुपयांची. नोटेवर रुपयाच्या नाण्याचं चित्र. म्हणजे नाणं नाही, नाण्याचा फोटो घ्या :)

लोक नोटा घेऊन चांदी मागायला लागले. सरकारची तिजोरी रिकामी व्हायची वेळ आली. शेवटी अमेरिकेने एप्रिल १९१८ मध्ये पिटमन कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवले आणि सुमारे २० कोटी औंस चांदी इकडे धाडली. त्यातून रुपये पाडले गेले. साम्राज्याचं वचन पाळलं गेलं, पण दुसऱ्याच्या तिजोरीतून. म्हणजे आजीच्या पुरचुंडीत एखादा वितळलेला डॉलरही असेल!

कापूस विकणाऱ्या त्या माणसाला यातलं काही ठाऊक असणं शक्य नव्हतं. आपण त्याला अडाणी म्हटलं असतं. पण देणाऱ्याकडेच काही उरलं नसेल तर कागद घेऊन करायचं काय, एवढं त्याला बरोबर कळलं होतं.

सकाळी आईला म्हटलं, "राहू दे ते. पैंजण मी घेतो." दुकानात फोनवरून पैसे दिले. आजी शेजारीच होती.

"हा तं कागद बी नाही रे बापा!"

काय बोलणार? असो. पुरचुंडी परत कपाटात गेली.