माथेरानचा मुक्काम

वर्षभर भिशीत पैसे साठवून आम्ही सहकुटुंब माथेरानला गेलो. दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना बंदी, म्हणून अमन लॉजहून छोटी रेल्वे धरली. १९०७ साली सुरू झालेली ही गाडी! मुलांचा आनंद काय वर्णावा! पुढे लाल मातीची वाट, गर्द झाडी, माकडे.

रिसॉर्टवर मात्र सारा आनंद विरला. आगाऊ पैसे दोन खोल्यांचे घेतलेले, मिळाली एकच. चादरी मळक्या, नळ कोरडा. मॅनेजर म्हणाला, "सीझन आहे, ॲडजस्ट करा." आमच्या वृद्ध आईने व्हरांड्यात सतरंजीवर रात्र काढली! वाढपी पोरगा बिचारा एकटाच सगळीकडे धावत होता. त्याच्यावर आम्ही आवाज चढवला नाही. मॅनेजरकडे तक्रारवही मागितली, तर 'वहीच नाही' म्हणे.

बंधू-भगिनींनो, पावती जपून ठेवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्याच आयोगाकडे तक्रार करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही लागत नाही. १९१५ या क्रमांकावर सल्ला मिळतो. आम्ही अर्ज टाईप केला आहे, पावतीची झेरॉक्स जोडून.